डाव्या हाताची रेघ

आमची कन्या ड्रम वाजवते. हे वाक्य मी नवीन ओळख झालेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, आणि समोरचा नुसता "हो का" म्हणून गप्प बसला तर पुन्हा सांगतो. छंद म्हणून नव्हे. नाटकगृहात, पगारी नोकरीत, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून वाजवते. प्रेक्षकांना ती दिसत नाही. गाणं रंगात आलं की तिच्या काठीचं टोक तेवढं मधूनच वर येऊन जातं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला मी ते टोक दाखवतो. आपला तो बाळ्या, असं लोक म्हणतात ते खरंच आहे, पण आमची बाळी चांगलीच वाजवते त्याला मी काय करू?

मोडेन पण वाकणार नाही, हा आमच्या घराचा बाणा. तिनं तो जरा जास्तच मनावर घेतला. नाटकगृहाच्या मागच्या जिन्यावरून मोठी झांज घेऊन उतरताना तिचा पाय घसरला. दुसऱ्या कुणी झांज सोडून कठडा धरला असता. हिनं झांज छातीशी धरली आणि डावा हात पायरीवर टेकला. झांजेला ओरखडासुद्धा नाही, मनगट मात्र मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली, प्लास्टर आलं, प्लास्टर गेलं, आणि आत हात म्हणून जे काही सापडलं ते वाळक्या शेंगेसारखं होतं.

तिच्या जागी वाद्यवृंदाच्या मास्तरांनी बदली म्हणून एक उंचेला गडी घेतला. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण पुरुषांनाही लागू पडते हे मला तेव्हा कळलं. दोन प्रयोगांत सगळे त्याचं कौतुक करायला लागले. मास्तर माणूस सरळ आहे, पण लाघवी नाही. त्यांनी फोनवर सांगितलं की नवीन संगीत नाटकाच्या पहिल्या तालमीला येऊन बसून दाखव. हात चालला तर खुर्ची तुझी, नाही चालला तर त्याची. बारा-तेरा वर्षं ती त्या खुर्चीवर बसली होती. फोन ठेवल्यावर ती "बरोबरच आहे त्यांचं" म्हणाली आणि तासभर कपाट आवरत बसली.

नव्या नाटकात आणखी एक भानगड होती. मुख्य गायिकेचा आवाज नाजूक, त्यामुळे खड्ड्यात खरे ड्रम नकोत, इलेक्ट्रॉनिक ड्रम ठेवायचे असं व्यवस्थापनानं ठरवलं होतं. पॅड त्यांचे, आवाज मात्र वाजवणाऱ्यानं आपल्या लॅपटॉपवरून आणायचे. म्हणून घरीही तसाच संच आणला. तो पाहून माझी निराशाच झाली. जाळीची तोंडं असलेल्या चार-पाच थाळ्या, रबराच्या झांजा आणि सगळ्यांच्या वायरी एका डबीत गेलेल्या. जाळी मऊ असते, हाडाला हिसका बसत नाही, म्हणून व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण खूश होती. पण त्या डबीतून जो आवाज यायचा तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर चमचा मारल्यासारखा. आमची कन्या दोन मिनिटं वाजवून उठली आणि म्हणाली, यावर हात बरा झाला तरी कान आजारी पडतील.

इथे जावईबापू पुढे सरसावले. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण आमच्याकडे मीच जावयाच्या घरी राहतो, तेव्हा ग्रह कोण आणि कुणाच्या राशीला कोण, हे त्यालाच विचारायला हवं. त्याचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे. माणसाचे कान तपासायचे आणि त्या मापाचं यंत्र बसवून द्यायचं. माझं सगळं आयुष्य छापखान्यात यंत्राशेजारी उभं राहून गेलं, त्यामुळे माझे कान हा त्याचा घरचाच व्यवसाय. यंत्र बसवताना त्यानं मला संगणकाच्या पडद्यावर एक रेघ दाखवली होती. बारीक आवाज उचलून मोठा करायचा, मोठा आवाज आहे तिथेच ठेवायचा, म्हणून ती रेघ सुरुवातीलाच फुगते आणि पुढे आडवी पडते, असं त्यानं मला समजावलं होतं. जेवून सुस्तावलेल्या माणसाच्या पोटासारखी ती दिसत होती.

तर ड्रमचे आवाज पुरवणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम त्यानं अंगावर घेतलं. त्यातली गंमत मला त्यानंच सांगितली. कुणीतरी खऱ्या ड्रमवर अगदी हलका, त्याहून जरासा जोराचा, त्याहून जोराचा, असे शेकडो फटके मारून ठेवलेले असतात आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग केलेलं असतं. आपण पॅडवर काठी मारली की किती जोर लागला ते डबी मोजते, आणि त्या जोराचा फटका सॉफ्टवेअर शोधून वाजवतं. म्हणजे मारणारे आपण, वाजणारा भलत्याच कुणाचा तरी ड्रम. मी म्हटलं, हे तर स्थळाला पोरगा एक दाखवायचा आणि लग्नात दुसराच उभा करायचा. त्यावर कन्या म्हणाली की फटका आपलाच असतो बाबा, कातडं तेवढं दुसऱ्याचं.

थोडे दिवस फुकट वापरून बघता येतात अशी तीन सॉफ्टवेअर त्यानं आणली. तिची परीक्षा एकच होती. स्नेअर म्हणजे मांडीजवळचा तो खणखणीत ड्रम. त्यावर जवळजवळ ऐकूच येणार नाही असं वाजवायला सुरुवात करायची आणि हळूहळू जोर वाढवत न्यायचा. पहिलं सॉफ्टवेअर रिकाम्या गोदामात वाजवल्यासारखं दणदणीत होतं. जावयाला ते फार आवडलं, मलाही आवडलं. तिनं मान हलवली. याला ओरडता येतं, कुजबुजता येत नाही, एवढंच म्हणून तिनं ते काढून टाकायला लावलं. दुसरं बरं होतं, पण इतकं अवाढव्य की आमचा लॅपटॉप ते उघडताना धापा टाकायचा आणि ऐन तालात गुदमरायचा. तिसरं कुठल्याशा लहान, लाकडी जमिनीच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं होतं. दिसायला साधं, नखरे नाहीत. तिनं काठीचं टोक जाळीवर नुसतं टेकवलं आणि आतून वाळूवर वाळू सांडावी असा आवाज आला. तिनं वर पाहिलं नाही. पुन्हा टेकवलं, पुन्हा टेकवलं, आणि मग हसली. हात मोडल्यापासून पहिल्यांदा.

निवडणं सोपं, जोडणं अवघड. पहिल्या दिवशी तिनं स्नेअरवर काठी मारली तर घंटा वाजली, आणि झांजेवर मारली तर पायाचा ड्रम घुमला. कुठल्या पॅडला कुठला आवाज हे एकेक करून सांगावं लागतं, ते जावयानं उलटसुलट सांगितलं होतं. मग आवाज उशिरा यायला लागला. काठी पडायची आणि आवाज मागून चालत यायचा. तो उशीर कमी केला तर लॅपटॉप तडतडायला लागला. मधेच एक बिंदू सापडला, जिथे उशीरही कळत नाही आणि तडतडही नाही. हे सगळं होईतो मी उंटावरून शेळ्या हाकत होतो, म्हणजे माझ्या आरामखुर्चीत बसून सूचना देत होतो. खालच्या मजल्यावर हादरे जाऊ नयेत म्हणून संचाखाली प्लायवूडचा जाड फळा घातला होता आणि माझे पाय त्याच फळ्यावर असायचे.

मग तिनं वाजवायला सुरुवात केली आणि घराची कळाच बदलली. पहिले काही दिवस डावा हात अडखळत होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. एका संध्याकाळी जावई लॅपटॉपवर थोडं काहीतरी साफसूफ करतो म्हणून बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून हात सुधारला. ठोका खणखणीत यायला लागला. ती सकाळी गुणगुणत उठू लागली, डॉक्टरणीला म्हणाली की हात परत आलाय. मी दुकानात, जिन्यात, वाचनालयात सगळ्यांना सांगत सुटलो. फक्त एकदा ती म्हणाली की या सॉफ्टवेअरमधली ती कुजबुज कुठे गेली कोण जाणे, पहिल्या दिवशी किती छान यायची. जावयानं ताकास तूर लागू दिली नाही.

मला ते कळलं ते कान बंद असताना. माझ्या यंत्रातली बॅटरी संपली होती आणि मी ते काढून ठेवलं होतं. ती स्नेअरवर दोन्ही हातांनी एकाआड एक वाजवत होती. उजवा, डावा, उजवा, डावा. स्पीकरमधलं मला काही ऐकू येत नव्हतं. तळव्यांना मात्र फळ्यातून हादरे येत होते. एक जड, एक नाही. एक जड, एक नाही. चुकून असेल म्हणून मी पाय हलवून नीट टेकवले. तेच. छापखान्यात यंत्राचा एक रूळ सैल झाला की मला तो पायातूनच कळायचा. मी उठून बॅटरी बदलली, यंत्र कानात घातलं आणि परत येऊन बसलो. आता कानाला दोन्ही हात अगदी सारखे ऐकू येत होते.

ती व्यायामाला गेल्यावर मी जावयाला लॅपटॉप उघडायला लावला. प्रत्येक पॅडसाठी एक चौकोन होता आणि त्यात एक रेघ: किती जोरानं मारलं आणि किती जोरानं वाजायचं. सगळ्या रेघा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ. स्नेअरची मात्र पोट सुटलेली. मला ते पोट ओळखीचं होतं. ते माझ्याच कानात होतं.

जावयानं काही लपवलं नाही. उजवा हात बहुतेक झांजांवर असतो आणि डावा स्नेअरवर, म्हणून एवढी एकच रेघ वाकवली, असं तो म्हणाला. हळू बोलणाराही ऐकू यावा हेच त्याचं काम, तेच त्यानं बायकोच्या हातासाठी केलं. शिवाय तालमीलाही हाच लॅपटॉप जाणार, हीच रेघ जाणार. कुणाला कळणार नाही, खुर्ची राहील, आणि हात काय, येईल सावकाश. त्यात खोट काढायची म्हटली तर मला पटकन सापडेना, आणि तिचं सकाळचं गुणगुणणं माझ्या कानात होतं. मग मला छापखाना आठवला. अक्षर नीट दाबलं जात नसेल तर काही कारागीर शाई वाढवायचे. पहिला कागद काळाभोर, सुंदर दिसायचा. पुढे पुढे अक्षरांची पोटं भरायची आणि सगळी सारखीच दिसायला लागायची. असे कागद मी गठ्ठेच्या गठ्ठे फाडलेत.

"जावईबापू," मी म्हटलं, "संध्याकाळी तुम्ही सांगाल, नाही तर जेवताना मी सांगेन. आणि माझं सांगणं तुम्हाला माहीत आहे."

त्यानंच सांगितलं. ती घर डोक्यावर घेईल अशी माझी तयारी होती. तिनं आवाजही चढवला नाही. लॅपटॉप पुढ्यात ओढला, रेघेचं टोक धरून ती सरळ केली आणि काठ्या उचलल्या. उजवा, डावा, उजवा, डावा. उजवा वाजत होता, आणि डावा जवळजवळ नव्हताच. ती थांबली नाही. बराच वेळ तसंच वाजवत राहिली, जणू कुणाला तरी ते सगळं ऐकवून संपवायचं होतं.

मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माझा हात किती आहे ते मलाच कळू नये, एवढी मी नाजूक आहे का रे?"

पुढचे काही दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती. ती रोज सरळ रेघेवर वाजवायची आणि रोज डावा हात तिथेच असायचा. डॉक्टरणीनंही आता स्पष्ट सांगितलं की ताकद येईल, पण पूर्वीची सगळी येईलच असं नाही. त्या दिवशी ती आली आणि दार लोटून रडली. मी दाराबाहेर उभा होतो आणि मला माझ्या बाणेदारपणाचा अगदी वीट आला. वाकली असती रेघ तर कुणाचं काय गेलं असतं, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फळ्यातून काहीतरी वेगळंच आलं. दोन्ही हादरे सारखे, आणि दोन्ही हलके. मी यंत्र घालून बसलो. तिनं डाव्याचा नाद सोडला होता आणि उजव्याला खाली आणत होती. उजवा हात दांडगट. त्याला आयुष्यभर मोठ्यानं बोलायची सवय. तो पुन्हा पुन्हा उसळायचा, ती पुन्हा पुन्हा थांबायची. डावा वर येत नाही ना, मग बाकी सगळं खाली उतरेल, असं ती मला म्हणाली. झांजा खाली, पायाचा ड्रम खाली. नाटकातली सगळी गाणी तिनं त्या उंचीवर पुन्हा बसवायला घेतली. आणि सरळ रेघेवर ती हरवलेली कुजबुज परत आली होती. तो वाळूचा आवाज, त्यात दहा प्रकारचे बारीक फरक. मोठ्यानं वाजवणाऱ्या कुणालाही त्या सॉफ्टवेअरमध्ये ते कधी सापडले नसते.

एक अडचण होती. तिचे सगळ्यात हलके फटके डबी मोजायचीच नाही. फार हलका फटका म्हणजे शेजारच्या पॅडचा हादरा असणार, असं समजून ती तो गिळून टाकायची. डबीशी झटापट करूनही तिला ते जमत नव्हतं, हे जावई दाराशी उभा राहून पाहत होता. शेवटी ती म्हणाली, "ये आत. पण रेघेला हात लावायचा नाही."

त्यानं रेघेला हात लावला नाही. पायाच्या ड्रमखाली वेगळा रबर घातला, पॅडचे स्क्रू आवळले, आणि डबी किती हलकं ऐकू शकते ती मर्यादा केसाकेसानं खाली आणत गेला. खोटा फटका वाजला की थोडी वर, फटका गिळला की थोडी खाली. कुणाच्या कानात किती बारीक आवाज पोचतो हे शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. काम झालं तेव्हा तिनं काठी नुसती श्वासासारखी टेकवली आणि ती वाजली. जे होतं तेच वाजलं, वाढवून काही नाही. तिनं त्याच्या खांद्यावर काठीनं एक टपली मारली, आणि त्या घरात पुन्हा माणसं बोलू लागली.

तालमीला मी पायाच्या पॅडलची पिशवी घेऊन गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. खड्ड्यात सगळे जमले होते. बदलीचा उंच गडी भिंतीला टेकून उभा होता, सभ्यपणे. आमच्या कन्येनं लॅपटॉप जोडला, पॅड आपल्या मापाचे करून घेतले आणि मास्तरांसमोर जाऊन सांगितलं की डावा हात पूर्वीचा नाही, होणारही नाही कदाचित. जेवढा आहे तेवढा ऐका आणि ठरवा. आवाजाच्या टेबलावरचा माणूस भला होता. स्नेअर इथून उचलून देतो, काळजी नको, असं त्यानं वरून सांगितलं. तिनं नको म्हणून हात केला.

मास्तरांनी इशाऱ्याची काठी उचलली. गाणं सुरू झालं. ती वाजवत होती, पण ट्रंपेट आणि व्हायोलिनं नेहमीच्या जोशात होती आणि त्यात आमचा डावा हात बुडून गेला. ट्रंपेटवाल्यानं मधेच वाद्य खाली घेतलं. ड्रम ऐकू येत नाही, ताल कशावर धरायचा, असं त्यानं विचारलं. त्याचं चूक नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं. ते तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. माफी नाही, विनंती नाही.

"ती बरोबर वाजवते आहे," मास्तर म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नसेल, तर तुम्ही मोठ्यानं वाजवताय."

पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळे कान देऊन वाजवत होते, कारण द्यावाच लागत होता. व्हायोलिनं खाली आली, ट्रंपेट खाली आला, आणि वर रंगमंचावर ती नाजूक आवाजाची गायिका गायला लागली तेव्हा तिचा श्वास घेतलेलाही ऐकू आला. आधीच्या नाटकांत ती या सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडत होती म्हणे. गाणं संपलं तरी ती तिथेच उभी राहून खाली खड्ड्यात बघत होती. मला ऊर भरून येणं म्हणजे काय ते माहीत होतं. हे त्याच्याही पुढचं होतं. मी पॅडलची पिशवी पोटाशी धरून बसलो होतो आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मास्तरांनी शाबासकी दिली नाही. ती त्यांना येत नाही. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या उंच गड्याला बोलावलं, तिच्या शेजारी स्टूल ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "हिला कधी बरं नसलं तर तू बसशील. पण हे नाटक असंच वाजलं पाहिजे. शिकून घे."

गडी मुकाट्यानं येऊन बसला. तिनं त्याला एक काठी दिली.

"डावा सोपा आहे," ती म्हणाली. "उजव्याला आवरायला वेळ लागतो."

तेव्हा माझ्या अंगावर जे मूठभर मांस चढलं ते आजतागायत उतरलेलं नाही.